'ही जागा वेटलँड नाही' म्हणजे नेमकं काय?

नवी मुंबई आणि उरणच्या बातम्यांमध्ये एक वाद सतत भेटतो. पक्षीनिरीक्षक, मच्छीमार किंवा जवळच्या सोसायट्यांतले रहिवासी सांगतात, "ही वेटलँड आहे, इथला भराव थांबवा." उत्तर येतं, "नोंदीनुसार ही जागा वेटलँड नाही." वाचणारा बुचकळ्यात पडतो. फोटोत गुडघाभर पाणी दिसतंय, पाण्यात रोहित पक्ष्यांचा (फ्लेमिंगोंचा) थवा उभा आहे, आणि कागद सांगतोय की इथे वेटलँड नाही. खोटं कोण बोलतंय?

बहुतेक वेळा दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतात. शब्द एक आहे, अर्थ दोन आहेत. एक अर्थ निसर्गशास्त्रातला, दुसरा कायद्यातला. दोन्हींची हद्द जुळत नाही आणि जी जमीन या दोन हद्दींच्या मधे सापडते, तिच्यावर डंपर रिकामे होतात. म्हणून पाणथळ जागेसाठीच्या या एका इंग्रजी शब्दाची कुळकथा मुळापासून पाहू.

## आधी होत्या फक्त दलदली

'वेटलँड' हा शब्द ऐकायला जुना वाटतो, पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो फारसा प्रचारात नव्हता. त्याआधी इंग्रजीत ओल्या जमिनींची वेगवेगळी नावं होती आणि ती आजही वापरात आहेत. गवत, लव्हाळा, पाणकणीस अशा झाडोऱ्याने भरलेली, मोठी झाडं नसलेली दलदल म्हणजे मार्श. झाडं पाण्यात उभी असतील तर ती स्वॉम्प. बॉग आणि फेन या थंड प्रदेशातल्या जमिनी. तिथे मेलेल्या वनस्पती पुरत्या कुजत नाहीत, त्यांचे थरावर थर साचत जातात. या थराला पीट म्हणतात. बॉगला पाणी मिळतं ते फक्त पावसाचं, त्यामुळे तिथलं पाणी आम्लधर्मी असतं. फेनला भूजलाचा पाझर मिळतो.

या शब्दांभोवती इंग्रजीत जी भाषा उभी राहिली ती नकारात्मक होती. कामाच्या ओझ्याखाली दबलेला माणूस 'स्वॉम्प्ड' असतो, रखडलेली चर्चा 'बॉग डाउन' होते, आणि सत्तेतला भ्रष्टाचार निपटून काढायचा म्हणजे 'ड्रेन द स्वॉम्प'. आपणही 'भ्रष्टाचाराची दलदल' म्हणतोच. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवरच्या एका प्रचंड दलदलीचं नावच 'ग्रेट डिस्मल स्वॉम्प', म्हणजे उदास, भकास दलदल. जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष होण्याच्या बऱ्याच आधी, 1763 मध्ये, ती कोरडी करून शेतीखाली आणू पाहणाऱ्या कंपनीत सामील होते. पुढे अमेरिकी संसदेने 1849, 1850 आणि 1860 मध्ये 'स्वॉम्प लँड' कायदे केले. दलदलीच्या जमिनी राज्यांना देऊन टाकायच्या आणि त्यांनी त्या निचरा करून लागवडीखाली आणायच्या, हा त्यांचा हेतू. पाण्याखालची जमीन वाया गेलेली, हे तेव्हाच्या सरकारला इतकं उघड वाटत होतं की त्यावर वाद घालायचं कुणाला कारण दिसलं नाही.

मग बदकं कमी व्हायला लागली. अमेरिकेत बदकांची शिकार हा मोठा छंद, आणि बदकांना उथळ पाणी लागतं. अशा जागा देशात किती उरल्या आहेत हे मोजायला तिथल्या मत्स्य आणि वन्यजीव विभागाने 1956 मध्ये एक अहवाल काढला. त्यात मार्श, स्वॉम्प, बॉग या सगळ्यांना मिळून 'वेटलँड्स' हे नाव वापरलं. या नावाला बदनामीचा इतिहास नव्हता. ते कोरडं होतं, मोजणीच्या कामाचं होतं आणि एका छत्राखाली बरंच काही घेणारं होतं. तिथून ते शास्त्रात रुजलं, शास्त्रातून करारांत गेलं, करारांतून कायद्यात आलं.

## रामसर आणि सहा मीटरचं कोडं

2 फेब्रुवारी 1971 रोजी इराणमध्ये, कॅस्पियन समुद्राच्या काठावरच्या रामसर गावात, काही देशांनी पाणथळ जागांच्या रक्षणाचा करार केला. भारत 1982 मध्ये त्यात सामील झाला. आपण 2 फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन पाळतो तो यामुळेच. एखादी जागा 'रामसर' झाली असं बातमीत येतं तेव्हा ती या कराराच्या यादीत गेलेली असते.

रामसरने वेटलँडची केलेली व्याख्या फार ऐसपैस आहे. दलदल, पीटची जमीन किंवा पाण्याचा भाग. नैसर्गिक असो वा माणसाने केलेला. कायमचा असो वा हंगामी. पाणी साचलेलं असो वा वाहतं. गोडं, मचूळ किंवा खारं. शिवाय समुद्राचा असा भाग, जिथे ओहोटीच्या वेळी पाण्याची खोली सहा मीटरच्या वर जात नाही.

हे सहा मीटर कुठून आले? समुद्री बदकं खाद्यासाठी साधारण तेवढ्या खोलीपर्यंत बुडी मारतात, असं त्याचं कारण सांगितलं जातं. करार मुळात पाणपक्ष्यांच्या काळजीतून झाला होता, त्याची ही खूण व्याख्येत राहून गेली.

या व्याख्येत काय काय बसतं ते पाहा. निफाडजवळ गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथलं नांदूर मधमेश्वर. बुलढाण्यात उल्केच्या आघाताने झालेलं लोणारचं खारं सरोवर. मुंबईला चिकटलेली ठाणे खाडी. पहिल्या दोन जागा रामसर यादीत गेल्याची घोषणा 2020 मध्ये झाली, तिसरीची 2022 मध्ये. गोव्यातल्या कुडचड्याचं नंदा तळं, जेमतेम 42 हेक्टरचं, तेही 2022 मध्ये यादीत आलं. या चार जागा शेजारी ठेवल्या तर त्यांच्यात सारखं काय आहे ते डोळ्यांना दिसणार नाही. ते मातीत दिसतं.

## माती काय सांगते

पाणी हे वेटलँडचं सर्वांत उघड लक्षण, पण सर्वांत बेभरवशाचंही. ते येतं आणि जातं. म्हणून शास्त्रज्ञ तीन गोष्टी एकत्र पाहतात: पाणी किती काळ टिकतं, कोणत्या वनस्पती वाढतात आणि माती कशी आहे.

यातली माती सहसा लपवाछपवी करू देत नाही. मे महिन्यात, पाणी आटून भेगा पडलेल्या पाणथळीत कुदळीने हात-दीड हात खणलं तर वरचा थर वाळलेला असतो, खाली मात्र माती करडी, कधी निळसर निघते. तिच्यात गंजाच्या रंगाच्या बारीक रेषा असतात. कारण सोपं आहे. मातीत लोह असतं आणि हवा खेळती असेल तर ते गंजून मातीला तांबूस-पिवळा रंग देतं. माती महिनोन् महिने पाण्याखाली राहिली की तिच्यातला प्राणवायू संपतो, लोह विरघळून निघून जातं आणि मागे करडा रंग उरतो. लव्हाळ्यासारख्या वनस्पती आपल्या मुळांवाटे थोडी हवा खाली नेतात. त्या मुळांच्या कडेने लोह पुन्हा गंजतं, त्याच त्या तांबूस रेषा. खाडीच्या चिखलात याच्या जोडीला कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. लोक त्याला घाण समजतात. प्रत्यक्षात प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू तिथे आपलं काम करत असल्याची ती खूण आहे.

एक अडचण मात्र सांगायला हवी. आपल्या काळ्या रेगूर मातीत हे रंग चटकन ओळखू येत नाहीत, तिथे जाणकाराची नजर लागते. जांभ्याच्या आणि खाडीकाठच्या मातीत ते पटकन दिसतात.

हे जिवाणूच वेटलँडचा खरा कारभार चालवतात. शेतातून वाहून आलेल्या खतातला नायट्रेट ते फोडतात आणि त्याचा नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. कोलकात्याच्या पूर्वेला सुमारे 12,500 हेक्टरच्या पाणथळ पट्ट्यात शहराचं सांडपाणी उथळ तळ्यांत सोडलं जातं. सूर्यप्रकाश, शेवाळ आणि जिवाणू ते साफ करतात, आणि त्याच तळ्यांत वाढलेले मासे शहराच्या बाजारात विकले जातात. 2002 पासून तीही रामसर जागा आहे. पक्ष्यांपलीकडे वेटलँडचा माणसाला काय उपयोग, असं कुणी विचारलं तर मी आधी कोलकात्याकडे बोट दाखवेन.

## कायद्यात आल्यावर व्याख्या आखडली

इथून खरा गुंता सुरू होतो. भारतात पाणथळ जागांसाठी पहिले स्वतंत्र नियम 2010 मध्ये आले. ते बाजूला करून सप्टेंबर 2017 मध्ये नवे नियम लागू झाले. नव्या नियमांनी रामसरची व्याख्या जवळजवळ शब्दशः उचलली, आणि शेवटी एक 'परंतु' जोडला. नदीची पात्रं नाहीत. भातखाचरं नाहीत. पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव नाहीत. मत्स्यशेती, मीठ, करमणूक आणि सिंचन यांसाठी मुद्दाम केलेली बांधकामं नाहीत.

महाराष्ट्राचा नकाशा डोळ्यांसमोर आणा आणि या 'परंतु'मधून काय काय बाहेर पडतं ते मोजा. उजनीचं धरण सिंचनासाठी बांधलेलं. हिवाळ्यात त्याच्या फुगवट्यावर, भिगवणजवळ, रोहित, चक्रवाक, चित्रबलाक उतरतात, आणि तिथले मच्छीमार पर्यटकांना होडीतून पक्षी दाखवून त्या हंगामात चार पैसे मिळवतात. जायकवाडी तसंच. मुंबईतली मिठागरं मिठासाठी केलेली. गावोगावचे पाझर तलावही आले. निसर्गाच्या हिशेबात या सगळ्या वेटलँड आहेत. नियमाच्या हिशेबात नाहीत.

नांदूर मधमेश्वरचं उदाहरण तर फार बोलकं आहे. तोही मुळात सिंचनासाठी इंग्रजी अमदानीत बांधलेला बंधारा. गाळ भरत गेला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी आले. 1986 मध्ये अभयारण्य झालं आणि पुढे राज्यातली पहिली रामसर जागा. लोक त्याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात. आज कुणी असाच एखादा जुना बंधारा दाखवून 'ही वेटलँड आहे' म्हणालं, तर त्याला हा 'परंतु' वाचून दाखवला जाईल.

## यादीत नाव असणं

व्याख्येत बसलं तरी काम संपत नाही. 2017 चे नियम रामसर जागांना आणि सरकारने अधिसूचित केलेल्या पाणथळींना लागू होतात. अधिसूचित म्हणजे राजपत्रात नाव, हद्द आणि नकाशासह जाहीर केलेली. मतदानाचं वय 18 वर्षं पूर्ण झालं की येतं, पण मतदार यादीत नाव नसेल तर केंद्रावरून परत यावं लागतं. वेटलँडचंही तसंच: जागा शंभर वर्षं पाणथळ असेल, अधिसूचना नसेल तर नियमातली मनाई तिला थेट लागू होत नाही.

मनाई कसली, तेही पाहू. अधिसूचित पाणथळीत अतिक्रमण करता येत नाही, तिचा वापर बदलता येत नाही, नवे उद्योग उभे करता येत नाहीत, कचरा टाकता येत नाही, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडता येत नाही. गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून 50 मीटरच्या आत पक्कं बांधकाम करता येत नाही.

अधिसूचना काढायचं काम राज्याच्या पाणथळ प्राधिकरणाने सुरू करायचं असतं. त्यासाठी प्रत्येक जागेचा एक संक्षिप्त दस्तऐवज लागतो: हद्द, पाणलोट, हक्कदार, धोके. हे काम सगळीकडे संथ चाललं आहे.

या कोंडीतून वाट काढायचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने केला. इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राने उपग्रहाच्या चित्रांवरून 2011 मध्ये पाणथळींचा राष्ट्रीय नकाशासंग्रह काढला होता. 2.25 हेक्टरपेक्षा मोठ्या 2,01,503 पाणथळी त्यात आखल्या होत्या. फेब्रुवारी 2017 मध्ये न्यायालयाने आदेश दिला की अधिसूचना होईपर्यंत या सगळ्यांना 2010 च्या नियमांतल्या नियम 4 मधल्या मनाईच्या तत्त्वांनुसार संरक्षण द्या. नंतरच्या नकाशासंग्रहात हा आकडा 2,31,195 झाला, आणि डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयाने राज्यांना प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी आणि हद्दनिश्चिती तीन महिन्यांत संपवायला सांगितलं.

इथे शब्दाचा तिसरा अर्थ डोकावतो. इस्रोच्या नकाशात नद्याही वेटलँड म्हणून मोजल्या आहेत, धरणंही आणि मिठागरंही. नियमात त्या नाहीत. त्यामुळे 'नकाशात आहे' आणि 'नियमात बसत नाही' ही दोन्ही विधानं एकाच जागेबद्दल एकाच दिवशी खरी असू शकतात. शिवाय 2.25 हेक्टर, म्हणजे साडेपाच एकरांहून थोडं जास्त, ही मर्यादा निसर्गाने घातलेली नाही. त्या प्रमाणाच्या नकाशावर त्याहून लहान तुकडा नीट आखता येत नाही, एवढंच तिचं कारण. 2011 च्या त्याच कामात याहून लहान 5,55,557 पाणथळी नुसत्या ठिपक्यांनी दाखवल्या होत्या. गावतळं, देवराईतली तळी, रस्त्याकडेची डबकी त्या ठिपक्यांत आहेत. संख्येने त्या मोठ्यांच्या जवळजवळ पावणेतीनपट आहेत आणि संरक्षणाच्या हिशेबात सर्वांत मागे.

खाडीकाठाचं थोडं वेगळं आहे. किनारा नियमन क्षेत्रात, ज्याला आपण सीआरझेड म्हणतो, येणाऱ्या जागा 2017 च्या नियमांनी वगळल्या, कारण त्यांना सीआरझेडचं संरक्षण आहे असं गृहीत धरलं. खारफुटी आणि जिवंत चिखलपट्टे तिथे सर्वांत कडक वर्गात येतात. खारफुटीबाबत मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 मध्ये आणखी पुढे जाऊन सांगितलं की ती नष्ट करणं हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर घाला आहे. पण भरतीरेषा नकाशावर कुठून काढली, यावर जागा सीआरझेडमध्ये येते की बाहेर पडते हे ठरतं. बांध घालून भरती अडवलेली जागा दोन्ही कायद्यांच्या फटीत पडायला वेळ लागत नाही.

## एका विशेषणावर हजारो एकर

हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत 1972 पासून स्वच्छ पाण्याचा कायदा आहे. आयडाहो राज्यातल्या प्रीस्ट लेकजवळ एका दांपत्याने घरासाठी घेतलेल्या जागेवर खडी टाकली. पर्यावरण खात्याने सांगितलं की ही वेटलँड आहे, खडी काढा. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत दोनदा गेला आणि 25 मे 2023 रोजी निकाल लागला. त्यांची जागा कायद्याखाली येत नाही यावर नऊही न्यायमूर्तींचं एकमत होतं. मतभेद झाला तो पुढच्या कसोटीवर, पाच विरुद्ध चार.

बहुमताने म्हटलं की नदी-तळ्याशी पृष्ठभागावरून सलग जोडलेली वेटलँडच संरक्षित. कायद्यात शब्द होता 'अ‍ॅडजेसंट', म्हणजे लगतचा, शेजारचा. वेगळं मत देणाऱ्या न्यायमूर्तींचा आक्षेप असा की बहुमताने त्याचा अर्थ 'अ‍ॅडजॉइनिंग', म्हणजे अंगाला अंग लागलेला, असा करून टाकला. रस्त्यापलीकडचं घर शेजारचंच असतं, जरी भिंत सामाईक नसली तरी. मधे रस्ता किंवा बांध असलेल्या, पण जमिनीखालून पाणी देणाऱ्या-घेणाऱ्या असंख्य वेटलँड त्या एका विशेषणाच्या अर्थाबरोबर केंद्रीय कायद्याच्या बाहेर गेल्या. जमिनीखालून जाणाऱ्या पाण्यासाठी या निकालात जागा उरली नाही, याचं मला वाईट वाटतं. पाणी कुठून कुठे जातं हे ठरवायला निदान शब्दकोशाच्या आधी भूजलतज्ज्ञाला विचारायला हवं होतं.

## भराव न टाकता वेटलँड संपवता येते

परत नवी मुंबईकडे येऊ. इथे जे घडतं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे.

ओहोटीला ठाणे खाडीचे चिखलपट्टे उघडे पडतात. रोहित पक्षी मान खाली घालून, चोच उलटी धरून त्या चिखलातलं शेवाळ गाळून खातात. भरती चढली की तिथे त्यांना उभं राहता येत नाही. मग ते उडून नेरूळ, सीवूड्स, उरणकडच्या उथळ तळ्यांत येतात आणि ओहोटी लागेपर्यंत विसावतात. 2015 मध्ये अभयारण्य जाहीर झालं ते खाडीचं. विसाव्याच्या जागा त्याच्या हद्दीबाहेर राहिल्या. पक्ष्यांच्या दृष्टीने दोन्ही मिळून एकच घर आहे, कागदावर मात्र एका खोलीला कुलूप आहे आणि दुसरीला दारच नाही.

ही तळी जिवंत राहतात ती रस्त्याखालच्या पाइपांतून आणि मोऱ्यांतून येणाऱ्या भरतीच्या पाण्यावर. पाइपाचं तोंड बुजलं, मग ते मातीने बुजो, कचऱ्याने बुजो किंवा कुणी मुद्दाम बुजवो, की पाणी येणं थांबतं. पहिल्या उन्हाळ्यात काठ उघडे पडतात. पाण्यावर शेवाळाची साय धरते. एक-दोन हंगामांत तळ कोरडा होऊन गवत उगवतं, मुलं क्रिकेट खेळायला लागतात. आणि मग पाहणीला आलेला माणूस प्रामाणिकपणे लिहू शकतो की जागा कोरडी आहे.

नेरूळच्या डीपीएस तलावात 2024 च्या उन्हाळ्यात रोहित मरून पडले तेव्हा भरतीचं पाणी येण्याची वाट बंद झाल्याची चर्चा राज्यभर झाली. रहिवाशांनी पाठपुरावा सोडला नाही. एप्रिल 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने सुमारे 30 एकरांच्या या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली. म्हणजे जी जागा वेटलँडच्या नियमांतून निसटत होती तिला वन्यजीव कायद्याच्या दाराने आत घेतलं गेलं. उरणजवळची पाणजे पाणथळ अशाच प्रश्नावर वर्षानुवर्षं झगडते आहे.

याच पाइपाचा उलटा, शहाणपणाचा वापर पाहायचा तर गोव्यातली खाजणं पाहावीत. पूर्वजांनी खारफुटीच्या जमिनीला बांध घालून भातशेती उभी केली आणि बांधात मानशी बसवल्या. मानस म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते, खारं पाणी आत येत नाही. ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने ती उघडते आणि जादा पाणी निघून जातं. त्या दाराशी जाळं लावून मासे धरायचे, त्या हक्काचा लिलाव व्हायचा आणि त्या पैशातून बांधांची डागडुजी. पाणी अडवायचं पण मारायचं नाही, हे त्यांना साधलं होतं.

## मनात येणारे काही प्रश्न

पावसाळ्यात तर अर्धं कोकण पाण्याखाली असतं. ते सगळं वेटलँड का? नाही. चार दिवस पाणी तुंबलं म्हणून माती बदलत नाही आणि झाडोराही बदलत नाही. दरवर्षी ठरलेल्या काळात, पुरेशा दिवसांसाठी पाणी राहिलं तर बदलते. हंगामी असणं हा वेटलँडचा दोष नाही. व्याख्येतच तात्पुरत्या पाण्याचा उल्लेख आहे. नंदा तळं तर दलदल आणि पाणसाठा अशी दोन्ही रूपं ऋतूप्रमाणे घेतं.

'शेतकऱ्याची जमीन अडकेल.' ही भीती खरी आहे आणि तिला उत्तरही आहे. भातखाचरं नियमातून वगळली आहेत ती याच कारणाने, आणि माझ्या मते ते योग्यच झालं. नाहीतर बांध घालायला, चिखलणी करायलाही परवानगी मागत फिरावं लागलं असतं. अधिसूचित पाणथळीतही मासेमारी, गुरं पाण्यावर नेणं, शिंगाडा काढणं सरसकट बंद होत नाही. रामसर कराराचा पायाच 'शहाणा वापर' हा आहे. काय चालेल आणि काय नाही, याची यादी जागेनुसार करायची असते. ती करताना गावाला विचारलं जातं का, हा खरा कळीचा मुद्दा आहे.

'डास होतात.' वाहतं, भरती-ओहोटीचं, माशांनी भरलेलं पाणी डासांना मानवत नाही. मासे आणि चतुरांच्या अळ्या डासांच्या अळ्या खातात. पाण्याची ये-जा तोडली, वर सांडपाणी सोडलं की तीच जागा डासांचं आगर होते. डेंग्यूचा डास तर घरातल्या कुंडीखालच्या बशीत आणि गच्चीवरच्या टायरात वाढतो.

मिठागरं माणसाने केली, मग त्यांवर घरं बांधली तर बिघडलं कुठे? धारावीच्या पुनर्विकासासाठी मुंबईतल्या सुमारे 256 एकर मिठागरांच्या जमिनीचा प्रश्न आला तेव्हा हा युक्तिवाद जोरात होता. घरांची गरज खरीच आहे, ती उडवून लावता येणार नाही. पण मीठ पिकवणं थांबलं तरी जमिनीची उंची बदलत नाही. ती खाडीच्या पातळीलाच राहते आणि पावसाचं पाणी उतारानेच येतं. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला. तेवढं पाणी कुठेतरी थांबायला जागा लागते. भराव घालून उंच केलेल्या जमिनीवरून ते शेजारच्या सखल वस्तीत जातं, आणि सखल वस्तीत कोण राहतं हे मुंबईकराला सांगायची गरज नाही.

'एक बुजवली तर दुसरीकडे नवी करून देऊ.' खड्डा खणून पाणी भरता येतं. करडी माती, तिच्यातले जिवाणू आणि गाळात दडलेलं बी तयार व्हायला फार वर्षं लागतात. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या 'निरंकाराच्या राई'त जायफळाच्या कुळातली झाडं गोड्या पाण्याच्या दलदलीत उभी आहेत. श्वास घ्यायला त्यांची मुळं गुडघ्यासारखी वाकून चिखलाच्या वर येतात. इंग्रजीत ज्याला खरी स्वॉम्प म्हणतात ती हीच. देवाची राई म्हणून ती टिकली. ती दुसऱ्या तालुक्यात करून दाखवा म्हटलं तर कुठल्या निविदेत ते बसणार नाही.

## बातमी वाचताना काय तपासायचं

पुढच्या वेळी 'ही जागा वेटलँड नाही' असं वाचलं की विचारा, कोणत्या अर्थाने? इस्रोच्या नकाशासंग्रहात ती आहे का? 2.25 हेक्टरपेक्षा मोठी आहे का? असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा 2017 चा आदेश तिला लागतो का? किनाऱ्याजवळ असेल तर सीआरझेडच्या नकाशात भरतीरेषा कुठे दाखवली आहे? 'मुद्दाम बांधलेली' म्हणून वगळली असेल, तर कधी, कुणी आणि कशासाठी बांधली याचा कागद आहे का? हा शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. नियमात 'मुद्दाम' हा शब्द आहे, आणि भरतीच्या पाण्याने आपोआप भरलेली सखल जागा किंवा रस्त्याच्या भरावामागे साचलेलं तळं त्यात बसवायचं तर ते सिद्ध करावं लागतं.

सातबाऱ्यावरचा शेरा मात्र पुरावा समजू नका. तिथे पाणथळीची नोंद बहुतेकदा पोटखराबा, सरकारी पड किंवा खाजण अशी सापडेल. तो शेरा जमीन पिकते की नाही एवढंच सांगतो. पाणी किती महिने राहतं, हे विचारायला त्या नमुन्यात रकाना नाही. ते गावातल्या वयस्कर मच्छीमाराला माहीत असतं, जुन्या टोपोशीटवर, म्हणजे सर्वेक्षणाच्या नकाशावर दिसतं आणि गूगल अर्थवर मागच्या वर्षांची चित्रं उलटी चाळत गेलं तर घरबसल्याही पाहता येतं. जुनी चित्रं जपून ठेवा, तारखेसह. अधिसूचनेच्या मसुद्यावर हरकती आणि सूचना मागवतात तेव्हा साठ दिवसांची मुदत असते, आणि त्या अर्जाला जोडायला नेमकं हेच लागतं.